अजगराचं गोडं पाणी

आमच्या साडूंनी जन्मात कुणाचं ऐकलेलं नाही. एकदाच ऐकलं, आणि तेव्हा एका मुक्या प्राण्याच्या जिवावर बेतलं. हे मी हवेत बोलत नाही, बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत झालंय. पण ते सांगायच्या आधी, त्यांच्या घरात शिरल्या शिरल्या माझ्या हातून काय झालं ते मीच सांगून टाकतो. मी नाही सांगितलं तर आमची ही सांगणार, आणि ती सांगते तेव्हा दोन पेल्यांचे चार पेले होतात.

झालं असं, की मे महिन्यातल्या भर दुपारी मी बुलढाण्याहून एसटीनं जळगाव जामोदला पोचलो. घाट उतरला की कुणी भट्टीचं दार उघडावं तसा वारा तोंडावर येतो, आणि मोताळा, नांदुरा करत करत साडूंच्या दारात जाईपर्यंत माझा पापड झाला होता. पुढच्या खोलीत कूलर घोंघावत होता. माणूस कुणी नव्हतं. स्टुलावर मातीचं एक पसरट कुंडं पाण्यानं भरून ठेवलेलं, बाजूला स्टीलचा पेला. पाव्हण्यासाठी एवढी तयारी बघून मला गहिवरूनच आलं. एक पेला प्यायलो, दुसरा प्यायलो, आणि पाणी गोड! ज्यांना तो भाग ठाऊक नाही त्यांना या उद्गारचिन्हाची किंमत कळायची नाही. सातपुडा समोर दिसतो, पण त्या पट्ट्यातलं जमिनीखालचं पाणी खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि नवी बादली महिनाभरात पांढऱ्या पुटांनी म्हातारी दिसायला लागते. प्यायचं गोडं पाणी लोक कॅननं विकत घेतात. साडू आतून आले तेव्हा मी मनापासून म्हणालो, "साडभाऊ, पाणी काय गोड आहे हो तुमचं!"

"असनच. कॅनचं हाये." मग त्यांनी माझ्या हातातल्या पेल्याकडे पाहिलं, कुंड्याकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "तुमी ह्यातलं प्याले काय?"

"हो. का?"

"काही नाही. लाडूचं होतं. कालपासून त्याच्यातच बसून होता. आत्ता उचलून बाजूले ठेवला, म्हटलं पाणी बदलून द्याव."

लाडू म्हणजे त्यांचा अजगर. मी पुढचा अर्धा तास न्हाणीत होतो. साडू दाराबाहेरून धीर देत होते, "काही होत नाही हो! साफसुतरा हाये तो. तुमच्या एसटीतल्या शिटापेक्षा साफ हाये!"

आता माणूस सांगतो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. त्यांचं कूलरचं दुकान आहे. स्वतः पत्रा कापून, पंप बसवून, ताट्यांत गवत भरून कूलर बनवतात आणि विकतात, म्हणजे गिऱ्हाईक लायक वाटलं तर विकतात. त्यांच्या दुकानात माणूस गिऱ्हाईक म्हणून शिरतो आणि आरोपी म्हणून उभा राहतो. "खोलीले खिडकी हाये काय?" हा पहिला प्रश्न. नाही म्हटलं की संपलं. "कूलर हवा आत फेकते. मंग आतली हवा जाईन कुठं? तुमच्या कानातून? हवेले वाट पाहिजे. आधी खिडकी फोडा, मंग या." एका बँकेच्या साहेबांनी हट्टानं दुसऱ्या दुकानातून कूलर नेला आणि बंद खोलीत बसून घामानं चिंब झाले. आठवड्यानं ते शरण आले तेव्हा साडू कूलर न घेता छिन्नी-हातोडा घेऊन त्यांच्या घरी गेले आणि आधी भिंत फोडून आले. ती खिडकी अजून आहे. साहेबांची बदली झाली.

लग्नात फोटोवाला म्हणाला "जरा हसा", म्हणून आमच्या साडूंच्या लग्नाच्या एकाही फोटोत हसू नाही. ताई प्रसन्न, आणि शेजारी हे, उसाच्या गाडीखाली पाय सापडल्यासारखे. डॉक्टरांनी मीठ सोडायला सांगितलं तर म्हणाले, "आमचं पाणीच खारं हाये साहेब. मी सोडलं तरी मीठ मले सोडत नाही." एसटीत कंडक्टर "पुढं सरका, पुढं सरका" करत आला की साडूंचे पाय जागीच रुजतात. एकदा मी त्यांच्याबरोबर नांदुऱ्यापर्यंत दारातच उभा होतो. मागून उतारू शिव्या देत होते, त्या अर्ध्या मला लागत होत्या, कारण मी दिसायला त्यांच्याबरोबरचा होतो. मी हळूच म्हणालो, "सरकू या ना." तर म्हणाले, "सरकलो असतो. त्यानं सांगायले नको होतं."

अशा माणसाच्या पोटी जी एकुलती एक मुलगी आली ती रेणू. ती कुणावर गेली हे सांगायला नको. बारावीनंतर बापानं औषधशास्त्राच्या कॉलेजात प्रवेश घेऊन ठेवला, पोरीला प्राणिशास्त्र शिकायला पुण्याला जायचं होतं. "साप-विंचवाचं शिकून काय करशीन? हे सगळं सोडून दे," असं बाप म्हणाला, पोरगी आमच्या घरी येऊन राहिली आणि आमच्या हिनं तिला पुण्याच्या गाडीत बसवून दिलं. पोरगी शिकली, नोकरीला लागली, येऊनजाऊन राहिली. पण बापाशी बोलणं "बरे आहात ना" आणि "बरा हाये" एवढंच. बाकी सगळं आईशी. साडू बाजूच्या खोलीत पेचकस घेऊन उगाच एखादा चांगला पंप उघडून बसायचे आणि मायलेकींचं फोनवरचं बोलणं ऐकायचे.

गेल्या जानेवारीत ती अचानक आली ती काचेची पेटी घेऊन. आत तिनं पाळलेला अजगर. आपल्याकडचा नव्हे, आफ्रिकेतल्या जातीचा, हातभर लांबीचा, जाडजूड, अंगावर सोनेरी ठिपके. भ्यायला की गोळा होऊन बसणारा, म्हणून नाव लाडू. कागदपत्रं, वनखात्याकडची नोंद, सगळं रीतसर. पुण्याच्या घरमालकाला मात्र कागद दाखवून उपयोग नव्हता, आणि तिला तर कामासाठी हैदराबादला जायचं होतं. पुढच्या खोलीतल्या टीव्हीच्या जुन्या शोकेसमध्ये तिनं लाडूची व्यवस्था लावली, वर एक पिवळा बल्ब टांगला, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा बापाला एक काम सांगितलं.

"बाबा, एकच करा. हा बल्ब कधीच बंद करायचा नाही. दिवसा नाही, रात्री नाही. इथल्या थंडीत हा मरेल. उन्हाळा लागायच्या आत मी येऊन घेऊन जाते."

आणि साडू म्हणाले, "बरं."

ताई सांगते, तिनं हातातलं ताट खाली ठेवलं. लग्न झाल्यापासून तिनं त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता.

त्या 'बरं'चं पुढं काय झालं पाहा. साडूंनी दुकानातला जुना इन्व्हर्टर आणून फक्त त्या बल्बाला जोडला. गावाची लाईन गेली की घरात अंधार, ताईचा मिक्सर बंद, आणि शोकेसमध्ये लाडू दिवाळीसारखा उजळलेला. एकदा ताईनं मोबाइल चार्ज करायला तिथं पिन लावली, तर साडू दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. गावानं सल्ले द्यायला सुरुवात केली. कुणी म्हणालं सातपुड्यात सोडून द्या. "आफ्रिकेचा हाये तो. जंगलात रस्ता कोणाले विचारीन?" कुणी दूध घेऊन आलं. "तो पेत नाही. मी पेतो, ठेवा." कुणी म्हणालं घरात अपशकुन आहे. "हाये ना. तुमी आले तवापासून." सापाला घरात ठेवायला त्यांचा मुळात विरोध होता, असं मला वाटतं, पण गावानं नको म्हटल्यावर त्यांना ठेवण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

रेणूचं हैदराबादचं काम लांबलं. मार्च गेला, एप्रिल गेला, आणि मे लागता लागता लाडू पाण्याच्या कुंड्यात जाऊन बसला तो उठेचना. नाक तेवढं वर. पिण्यापुरतं पाणी असावं म्हणून ठेवलेलं कुंडं, त्यात हा मावेना, तेव्हा साडूंनी मोठं आणलं. आणि पाणी गोडं, कॅनचं. गावाचा खरा भडका इथं उडाला. शेजारणी म्हणाल्या, आमी नळाची वाट पाहून राह्यलो आन हा सापाले गोड्या पाण्यानं आंघोळ घालून राह्यला! साडूंनी दारात उभं राहून सांगितलं, "खाऱ्या पाण्यानं माह्या कूलरच्या ताट्या दोन महिन्यांत पांढऱ्या पडतात. त्याची कातडी काय होईन? त्याचं पाणी मी माह्या वाट्यातलं देतो. मी खारं पेतो, हे पाहा." आणि दारात उभं राहून खरंच तांब्याभर खारं पाणी प्यायले. पोट दुखलं, पण कुणाला सांगितलं नाही.

तो पाण्यात का बसतो, यावर मग गावात तर्क सुरू झाले. त्यांचा तालुका आधीच भाकितांचा शौकीन, दर उन्हाळ्यात घट मांडून पावसाचा अंदाज घेणारा. साप पाण्यात बसला म्हणजे यंदा पाऊस चांगला, असं कुणीतरी म्हणालं आणि शेतकरी सकाळी सकाळी खिडकीतून डोकावायला लागले. "काकाजी, बसला काय हो आज? कपाशी लावावं काय?" साडू ओरडायचे, "तो आफ्रिकेच्या पावसाचं सांगते! तिकडं जाऊन लावा!" पण आतून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांनी रेणूला स्वतःहून फोन केला. ती म्हणाली, "बाबा, कात टाकायची वेळ आली की बसतात. अंगावर बारीक किडे झाले की बसतात. लपायला जागा नसेल तर पाण्यात लपतात. एखादा नुसता आवडतं म्हणूनही बसतो. त्याला ओढून पाण्यात बसवायचं नाही आणि ओढून काढायचं नाही. पण दिवसचे दिवस बसून राहिला तर पोटाखालचे खवले कुजतात, मग वाचवणं कठीण. त्याला गरम तर होत नाहीये ना?"

"गरम?" साडू म्हणाले. "तू कूलरवाल्याले गरम सांगतेस काय? सगळ्या गावात थंड खोली हाये ती!"

तेव्हापासून दिवसातून अनेकदा ते लाडूला उचलून, टॉवेलवर उलटा धरून, बॅटरीच्या उजेडात त्याचं पोट तपासत. कात नव्हती, किडे नव्हते, लपायला मडकं उपडं घालून दिलं तर त्यात गेला नाही. पोटावर दोन जागी लालसर डाग मात्र दिसायला लागले होते. ते त्यांनी मला बोटानं दाखवले. "साडभाऊ, पोरीनं येक वस्तू सांभाळायले देली. येकच."

आणि मी तिथं गेलो होतो कशासाठी? रेणूसाठी मी एक स्थळ आणलं होतं. माझ्याच ऑफिसातले एक खामगावचे गृहस्थ, त्यांचा मुलगा चांगला, घर चांगलं. मुलामुलीचं फोनवर बोलणं व्हायचं होतं, त्याआधी मुलाचे आईवडील घर पाहून जाणार होते. हिचा गुडघा सुजला होता म्हणून ती आली नाही, पण मला आदल्या दिवशी पाठवताना दारापर्यंत येऊन बजावलं, "भाऊजींना सांगा, पाव्हणे असेपर्यंत तो साप कुठंतरी हलवा. शेजाऱ्याकडं, दुकानात, कुठंही. दोन तासांसाठीच. दोन तासांनी काय बिघडतं?"

मी तो निरोप नम्र करून, साखर घालून, साडूंना दिला. ते म्हणाले, "सर्वात थंड खोली हीच हाये. लाडू हालणार नाही. पाव्हणे हालले तं चालते."

"अहो, रेणूच्या जन्माचा प्रश्न आहे."

"मंग? साप लपवून पोरगी दाखवू? आन उद्या ती तिथं गेल्यावर तिनं काय काय लपवाव, तेबी सांगून द्या."

ताईनं माझ्याकडे पाहून मान हलवली. "तुमी कायले तोंड शिणवता भाऊ? मी तीस वर्षं झाली शिणवून राह्यली."

दुसऱ्या दिवशी पाव्हणे आले. शोकेसवर निदान पडदा टाकावा म्हणून मी टेबलक्लॉथ घेऊन टपून होतो, पण साडू शोकेसला पाठ लावून खुर्चीवर बसले आणि पाव्हणे बसता क्षणीच स्वतः उठून बाजूला झाले, असं, एखाद्या उद्घाटनासारखं. मुलाच्या वडिलांचा पोह्यांचा चमचा हवेतच राहिला.

"चावते काय हो हा?"

"उगाच कोणी बोट घातलं नाही तं नाही चावत," साडू म्हणाले. "तुमचं कसं हाये?"

मी मोठ्यानं हसलो. एकटाच. मुलाची आई मात्र पदर सावरत शोकेसजवळ गेली, वाकून पाहिलं, आणि विचारलं, "पाण्यात काऊन बसला हा?"

साडूंचा चेहरा बदलला. आजवर गावातल्या माणसांनी चावते काय, खाते काय, विकता काय, पाऊस येईन काय, सगळं विचारलं होतं. त्या जनावराची म्हणून चौकशी करणारी ही पहिलीच. ते तिच्या शेजारी फरशीवर बसले आणि कात, किडे, लपणं सगळं सांगत सुटले. पोटावरचे डाग सांगितले. बाई "अगं बाई" म्हणत ऐकत राहिल्या. इकडे मी आणि मुलाचे वडील एकमेकांना पोहे वाढत होतो.

आणि लाईन गेली. कूलर घरघरत थांबला. जळगाव जामोदला मे महिन्यात कूलर थांबतो तेव्हा माणसाला आपली सगळी पापं आठवतात. मुलाच्या वडिलांच्या कपाळावर घाम फुटलेला पाहून माझ्यातला मध्यस्थ जागा झाला. कोपऱ्यात टेबलफॅन होता. मी कुणाचं लक्ष नाही असं बघून त्याची पिन गुपचूप लाडूच्या इन्व्हर्टरला लावली. वारा सुटला. पाव्हणे खूश झाले. मला वाटलं, इतक्या वर्षांत एक तरी गोष्ट मी अकलेनं केली. पण तो इन्व्हर्टर एका बल्बापुरताच जीव धरून होता. पंख्यानं त्याची बॅटरी बघता बघता पिऊन टाकली. पंखा मंदावला, थांबला, आणि शोकेसमधला तो पिवळा बल्बही, जानेवारीपासून पहिल्यांदा, विझला. साडू तेव्हा शोकेसकडे पाठ करून पाव्हण्यांना पाणी देत होते, त्यांना ते दिसलं नाही. मी पिन हळूच काढून खिशात हात घालून बसलो.

तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी घसा साफ केला. "मुलीबद्दल आमचं काही म्हणणं नाही. शिकलेली आहे, कमावती आहे. पण हे साप-बिप आमच्याकडे चालणार नाही. हा देऊन टाका कुणाला तरी. आणि लग्नानंतर तिनं हे सगळं सोडून द्यावं, एवढीच आमची अट आहे."

साडूंनी त्यांच्या हातातली बशी घेऊन ताईकडे दिली. मी मनात म्हटलं, चला, आता निदान विचार तरी करतायत. खोलीत अंधुक उजेड आणि घाम. कितीतरी वेळ गेला. मी पोह्यांबद्दल काहीतरी बोललो. ताईनं सरबत आणलं. आणि मुलाच्या आई एकदम म्हणाल्या, "अवो, तो निंगाला पाहा."

लाडू कुंड्यातून बाहेर पडत होता. आधी डोकं, मग सावकाश, ओलं लकाकतं अंग काठावरून ओघळत आलं, वळसा घालून कोरड्या भागात गेलं, आणि उपड्या मडक्याच्या आत शिरून दिसेनासं झालं.

साडू बघत राहिले. मग त्यांची नजर वर गेली, विझलेल्या बल्बाकडे. उठले, काच सरकवून आत हात घातला, आणि झटक्यात बाहेर काढला. "अजून गरम हाये," ते कुणाला तरी म्हणाले. काचेवर हात फिरवला, मागच्या फळीवर फिरवला. "चारी बाजू बंद. हवेले वाटच नाही. अन् आत बल्ब." एकदम कपाळाला हात लावून ते फरशीवरच बसले. "सगळ्या गावाच्या भिंती फोडल्या मी, आन माह्या घरात ह्याले खिडकी नाही! तो पाण्यात बसून नव्हता राह्यला. जीव वाचवून राह्यला होता."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मुलाच्या वडिलांना ते पाणी आपल्या अटीमुळे आलंय असं वाटलं असावं, कारण ते जरा मऊ होऊन म्हणाले, "एवढं मनाला लावून घेऊ नका. सोडून देणं अवघड असतं, पण सवय होते."

साडूंनी मान वर केली. "काय म्हटलं तुमी मघाशी? तिनं हे सगळं सोडून द्यावं?"

"हो. म्हणजे हळूहळू."

"हेच वाक्य मी म्हटलं होतं तिले येकदा. सोडून दे म्हणून. अक्षर न् अक्षर हेच." ते उठले. पाव्हण्यांसमोर हात जोडले, पण त्या जोडलेल्या हातांत नम्रता औषधालाही नव्हती. "तिनं ऐकलं नाही. बरं केलं. मीच ऐकलं नाही तिचं, त्याची सजा भोगून राह्यलो. आता तुमच्या नादी लागून आणखी भोगायची नाही. पोरगी जशी हाये तशी हाये. साप जिथं हाये तिथं हाये. सरबत घ्या. आन घरी कूलर असन, तं खोलीले खिडकी हाये काय तेवढं पाहून घेजा."

सरबत अर्धंच राहिलं. मुलाच्या आई मात्र उंबऱ्यात थांबल्या, मागं वळून म्हणाल्या, "आता बरं वाटन ना त्याले?"

"वाटन," साडू म्हणाले. "तुमी विचारलं, म्हणून कळलं."

संध्याकाळी त्यांनी रेणूला फोन लावला, आणि मी पहिल्यांदा आमच्या साडूंना चूक कबूल करताना ऐकलं. ते सैनिकासारखे ताठ उभे राहून बोलत होते. बल्ब उन्हाळा लागताच बंद करायले पाहिजे होता, माह्या लक्षात आलं नाही, चूक माही हाये, स्थळबी गेलं, तेबी मीच घालवलं.

"बाबा," तिचा आवाज स्पीकरवर आला, "जानेवारीपासून तुम्ही एकदाही बंद केला नाही?"

"तू नको म्हटलं होतं."

"अहो, तुम्ही माझं ऐकणार नाही हे गृहीत धरून मी 'कधीच नाही' म्हटलं होतं! म्हटलं, निम्मं तरी ऐकाल." आणि ती हसायला लागली, हसता हसता तिचं हसणं ओलं झालं, आणि साडू ताठ उभेच, भिंतीकडे तोंड करून. ताईनं मला बाहेर ओढलं. त्या दिवशी बापलेक किती वेळ बोलले कोण जाणे. आम्ही जेवून घेतलं.

आता त्या शोकेसच्या दोन्ही बाजूंना साडूंनी पत्रा कापून जाळीच्या खिडक्या केल्यात. बल्ब थंडीपुरता. पोटावरचे डाग एका कातीबरोबर निघून गेले. कात टाकायच्या आधी लाडू अजूनही दिवसभर पाण्यात जाऊन बसतो, आणि कुणी "काढा हो त्याले" म्हटलं की साडू म्हणतात, "बसन बसायचं तं. त्याचं त्याले कळते. आपण फक्त पाहाव, त्याच्यावर बसायची पाळी तं नाही ना आणली." रेणू जूनमध्ये त्याला न्यायला आली आणि ठेवून गेली, तेव्हापासून बापाला रोज फोन करते, लाडूची चौकशी पहिल्या मिनिटात संपते. स्थळ काही पुन्हा आलं नाही. ऑफिसातले ते गृहस्थ माझ्याशी कामापुरतं बोलतात, फक्त मधूनमधून, फाइल पुढे सरकवत, माझ्याकडे न बघता पुटपुटतात, "आमच्या घरून विचारलंय. तो पाण्यात बसतो का अजून?"

पण मला सांगायचंय ते मी त्यावेळी बुलढाण्याला परत आलो त्या दिवसाचं. ही गुडघ्यावर शेक घेत बसली होती. मी सगळं साग्रसंगीत सांगितलं. ते दोन पेले पाणीही सांगितलं, आणि ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग मी जरा कुरकुरत म्हणालो, की तुझ्या भाऊजींच्या हट्टापायी चांगलं स्थळ गेलं, दोन तासांसाठी हलवला असता साप तर काय बिघडलं असतं, तूच म्हणाली होतीस.

तिचं हसू थांबलं. शेकाची पिशवी तिनं दुसऱ्या बाजूला फिरवली.

"माझ्याकडं एक मांजर होतं," ती म्हणाली. "पांढरं. माझ्याच ताटात जेवायचं. तुम्ही मला बघायला आलात ना, त्या दिवशी सकाळी बाबांनी ते पोत्यात घालून शेतात सोडून दिलं. पाव्हण्यांना आवडायचं नाही म्हणून." शेकाची पिशवी तिनं बाजूला ठेवली. "बाबाही म्हणाले होते, दोन तासांसाठीच."